मूल उशिरा बोलतंय? स्पीच थेरपिस्टकडे जाण्याआधी आणि गेल्यावर

आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याकडे मोजून ९ शब्द होते, आणि त्यातला एक कुकरच्या शिट्टीचा आवाज होता. सासूबाई म्हणायच्या, "याचा बाबा तरी कुठे बोलत होता चार वर्षांपर्यंत!" आईने गावाहून पोपटाने उष्टा केलेला पेरू पाठवला. शेजारच्या काकूंनी मधात वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसायचे आणि सकाळी पुन्हा 'अजून महिनाभर बघू' म्हणायचे. यात आमचे सात महिने गेले.

आता तो चार वर्षांचा आहे आणि घरात कुणाला बोलू देत नाही. मधल्या काळात काय कुठल्या क्रमाने करायला हवं होतं ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. ज्या रांगांत मी उभी राहिले त्यांची माहिती तेवढी माझ्याकडे आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण मला ती फार उशिरा कळली. थेरपिस्ट आठवड्यातून फार तर दीड तास भेटतात, उरलेला सगळा आठवडा मूल तुमच्यासोबत असतं. त्यामुळे थेरपी मुलाइतकीच तुम्हालाही शिकायची असते.

१. थांबायचं की जायचं, हे ठरवा

वर्षाच्या आसपास मूल 'बाबाबा, दादादा' अशी बडबड करतं, बोटाने वस्तू दाखवतं, टाटा करतं, नावाने हाक मारली की वळतं. सोळा महिन्यांपर्यंत निदान एक अर्थाचा शब्द यायला हवा. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द, आणि 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडून बोलणं. यातलं काही दिसत नसेल, तर तपासणीची वेळ घ्या.

शब्द मोजताना शुद्धलेखन तपासू नका. पाण्याला दरवेळी 'मम' म्हणत असेल तर तो शब्दच. गाडीला 'बूम', कुत्र्याला 'भूभू', तेही शब्द. मी हे मोजलेच नव्हते, म्हणून आधी घाबरून ४ सांगितले होते.

आणि आलेले शब्द गेले असतील, पूर्वी 'आई' म्हणत होता आणि आता म्हणत नाही असं झालं असेल, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना गाठा. इथे 'बघू' नाही.

'मुलगे उशिराच बोलतात' हे वाक्य तुम्हाला किमान दहा जण ऐकवतील. मुलगे सरासरीने थोडे मागे असतात हे खरं, पण वर दिलेल्या मर्यादा मुलग्यांनाही लागू आहेत. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपली आपण गाडीवर येतात हेही खरं. अडचण अशी की कोणतं मूल येईल आणि कोणतं नाही, हे दोन वर्षांच्या वयात घरबसल्या सांगता येत नाही.

पेरूने काही बिघडलं नाही, मीच खाल्ला. मधाचं मात्र लक्षात ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, बॉट्युलिझमचा धोका असतो.

२. आधी कान

ही पायरी गाळून थेट थेरपीला जाऊ नका. चांगला थेरपिस्ट तुम्हाला कानाच्या रिपोर्टशिवाय पुढे नेणारच नाही.

आमचं म्हणणं होतं, कुकरची शिट्टी झाली की हा स्वयंपाकघरात धावतो, मग कानाला काय झालंय? मोठे आवाज ऐकू येणं आणि बोलणं स्पष्ट ऐकू येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तपासणीनंतर कळलं. काही मुलांना दाराची कडी ऐकू येते, पण 'स', 'श', 'फ' सारखे बारीक आवाज निसटतात. मागे उभं राहून टाळी वाजवणं ही तपासणी नव्हे.

तीन नावं कानावर पडतील.

ओएई: कानात छोटं बूच घालतात, दोन मिनिटांत होते. आतल्या कानाच्या पेशी प्रतिसाद देतात का ते बघतात. बऱ्याच रुग्णालयांत जन्मानंतर हीच करतात. जन्माच्या वेळी 'पास' असेल तरी आज पुन्हा करा, कारण ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं.

बेरा: डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं किंवा कावीळ फार वाढली होती, तर फक्त ओएईवर समाधान मानू नका. आतला कान ठीक पण पुढची नस संदेश नीट नेत नाही, असा दोष ओएईत सापडत नाही.

टिम्पॅनोमेट्री: पडद्यामागे पाणी किंवा दाब आहे का ते कळतं.

बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं, आणि आमची सगळ्यात मोठी फजिती इथेच झाली. दुपारची वेळ मिळाली म्हणून सकाळी लवकर उठवलं, दमवलं, आणि स्कूटरवरून निघालो. पहिल्याच सिग्नलला तो झोपला. दवाखान्यात पोचेपर्यंत मस्त झोप झाली होती, मग झोपेचं औषध देऊनही डोळे टक्क. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. म्हणून वाटेत झोपू देऊ नका: गाणी म्हणा, खिडकी उघडा, पाय गुदगुल्या करा. औषध आधी किती वेळ उपाशी ठेवून द्यायचं ते वेळ घेतानाच विचारा आणि ते तिथल्याच लोकांना देऊ द्या, घरून पाजून नेऊ नका.

आमच्या मुलाच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी निघालं. पाण्यात डोकं बुडवून आपण जसं ऐकतो तसं तो महिनोन्महिने ऐकत असावा. कानाच्या डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलं, कारण बऱ्याच मुलांचं पाणी आपोआप ओसरतं. आमचंही ओसरलं. नाही ओसरलं तर पडद्यात बारीक नळी बसवतात.

३. माणूस निवडा

भारतात वाचा आणि श्रवण क्षेत्रातल्या तज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. सगळे तिला आरसीआय म्हणतात. १९९२ चा कायदा आहे आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करणं गुन्हा आहे. नोंदणी झालेल्याला सीआरआर क्रमांक मिळतो. तो विचारायला लाजू नका. बहुतेकांच्या भिंतीवर प्रमाणपत्र लटकलेलंच असतं, त्यावर मुदतही असते, तीही वाचा. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं.

पदवी बघा: बीएएसएलपी म्हणजे इंटर्नशिप धरून चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यापुढे एमएएसएलपी. डीएचएलएस ही पदविका आहे. ते लोक तज्ज्ञांच्या हाताखाली काम करतात आणि त्यातले काही फार छान काम करतात, पण मूल्यमापन आणि योजना पदवीधराचीच हवी. 'चाइल्ड डेव्हलपमेंट कोच', 'ब्रेन ॲक्टिव्हेशन ट्रेनर' अशी पाटी असेल तर चप्पल न काढताच परत फिरा.

कुठे शोधायचं? मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ पासूनची. नायर रुग्णालयाच्या ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपी विभागात, पुण्यात भारती विद्यापीठात हे अभ्यासक्रम चालतात. अशा शिक्षणसंस्थांत शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली थेरपी देतात. खर्च कमी येतो आणि विद्यार्थी तयारी करून येतात. तोटा एकच: कॉलेजचं सत्र संपलं की विद्यार्थी बदलतो आणि मुलाला पुन्हा ओळख करून घ्यावी लागते.

जिल्ह्याच्या ठिकाणी राहत असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम विसरू नका. २०१३ च्या फेब्रुवारीत त्याची सुरुवात आपल्या पालघरातून झाली होती. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. अंगणवाडीताईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी मूल पथकापुढे जाईल. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडे (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडे) पाठवतात, तिथली तपासणी आणि थेरपी मोफत असते. पद भरलेलं आहे ना आणि थेरपिस्ट कोणत्या वारी बसतात, हे मात्र फोन करून विचारा. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने एसटीने दोन तास जाऊन बंद दार पाहिलं आहे.

पहिल्या फोनवर माझा एक प्रश्न असतो: "आम्हाला खोलीत बसता येईल का?" आम्ही सुरुवातीला गेलो त्या एका केंद्रात पालकांना बाहेर बसवायचे. आत काय होतं ते कळायचं नाही, बाहेर आल्यावर "छान केलं आज" एवढंच. दोन महिने पैसे भरले. मूल रडतं म्हणून सुरुवातीचे दोन-तीन दिवस बाहेर बसवलं तर समजू शकते. कायमचं दार बंद असेल तर केंद्र बदला.

४. फाइल बांधा

प्लास्टिकची साधी फाइल घ्या आणि त्यात:

– जन्माचं डिस्चार्ज कार्ड (वजन, किती आठवड्यांचं बाळ, एनआयसीयू, कावीळ, सगळं त्यात असतं)
– लसीकरणाचं कार्ड
– कानाचे सगळे रिपोर्ट, जन्माच्या वेळच्या तपासणीसकट
– बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी
– सरकारी ठिकाणी जाणार असाल तर मुलाचं आधार, जन्मदाखला आणि रेशनकार्ड यांच्या झेरॉक्स
– शब्दांची वही: तारीख, शब्द, कशासाठी वापरला

आणि मोबाइलमध्ये घरचे तीन-चार छोटे व्हिडिओ: जेवताना, खेळताना, आजीशी. नवीन जागी मुलं तोंड मिटून बसतात. आमच्या थेरपिस्टने पहिल्या दिवशी मुलापेक्षा व्हिडिओच जास्त पाहिले.

५. पहिली भेट

तासभर धरा. निम्मा वेळ तुमच्याशी बोलण्यात जातो. गर्भारपण, घरात कोण कोण, कुणी उशिरा बोललं होतं का, दिवस कसा जातो. स्क्रीनचं विचारतील तेव्हा खरं सांगा. आम्ही 'अर्धा तास' म्हणालो आणि मुलाने आत शिरताच टेबलावरचा फोन उचलून बोटाने सरकवायला सुरुवात केली.

प्रश्नावली भरून घेतात. त्यातल्या एकीचं नाव रील्स, पण तिचा इन्स्टाग्रामशी संबंध नाही. मूल किती समजतं आणि किती बोलतं, या दोन्हींचं वय ती वेगवेगळं काढते. हा फरक महत्त्वाचा आहे. समज वयाप्रमाणे आणि बोलणं मागे, हे एक चित्र. दोन्ही मागे, हे निराळं. रिपोर्टात हे दोन आकडे कुठे आहेत ते विचारून त्याखाली रेघ मारा.

इथे तुम्हाला डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे (मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांकडे) जायला सांगू शकतात, विशेषतः मूल नजर देत नसेल, बोटाने दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल तर. स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान थेरपिस्टने एकट्याने करायचं नसतं, म्हणून पाठवतात. त्या डॉक्टरांची वेळ मिळायला महिने लागतात. तोवर थेरपी सुरू ठेवा, निदानाच्या कागदासाठी ती अडत नाही.

६. 'घरी इंग्रजीच बोला' असं कुणी म्हटलं तर

आम्हाला प्लेग्रुपच्या बाईंनी हेच सांगितलं होतं: मूल गोंधळतं, एकच भाषा ठेवा, आणि ती इंग्रजी ठेवा. नवरा-बायको आम्ही दोघं आठवडाभर घरात 'कम हिअर, सिट डाऊन' करत हिंडलो. सासूबाई गप्प झाल्या, आणि दिवसभर मुलाशी बोलणारं घरातलं एकमेव माणूस बंद पडलं.

दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही. ज्या भाषेत तुम्ही लाडावता आणि रागावता ती बोला. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मोजायला सांगा: आजीकडून 'पाणी', कामवाल्या मावशींकडून हिंदी, टीव्हीवरून 'बस'.

थेरपिस्टकडे मराठी साहित्य आहे का हेही बघा. 'ॲपल, बॉल, कॅट'च्या कार्डांत 'ळ' आणि 'ण' कुठून येणार? आपल्या घरातलं मूल दिवसभर बाळ, पोळी, केळं, डाळ, पाणी यांत वावरतं. 'चमचा'तला च आणि 'चार'मधला च वेगळा, हे ज्या थेरपिस्टच्या कानाला कळतं तिच्याकडे अर्धं काम झालेलं असतं. मराठी येणारं कुणी नसेल तर आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे फोटो काढून कार्डं बनवा. आम्ही तीस बनवली, सगळ्यात आधी सोलाणं चाललं.

परदेशात असणाऱ्यांसाठी एवढंच: अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलाचं 'अर्ली इंटरव्हेन्शन'मधलं मूल्यमापन विनामूल्य असतं आणि शक्य तिथे ते घरच्या भाषेत व्हावं असा नियम आहे. दुभाषा मागा.

७. घरचा दिवस

सगळ्यात जास्त फरक इथे पडला, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न बंद केले. "हे काय आहे? सांग ना. म्हण बॉल!" आमचं बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा झाली होती. त्याऐवजी तो जे बघतोय त्यावर आपण बोलायचं: "गाडी गेली. गाडी पडली. अरेरे!" छोटी वाक्यं, पुन्हा पुन्हा.

तो एक शब्द म्हणाला की आपण एक जोडायचा. तो 'गाडी', आपण 'लाल गाडी'. तो 'गेली', आपण 'मनी गेली'. दुरुस्त करायचं नाही. तो 'ताका' म्हणाला तर "हो, काका आले!" एवढंच.

बोलून झाल्यावर मनात पाच आकडे मोजायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण पाच सेकंद गप्प बसणं मला जमायला दोन आठवडे लागले. तिसऱ्या सेकंदाला मीच उत्तर देऊन मोकळी व्हायचे.

मागायची गरज निर्माण करायची. बिस्किटांचा डबा पारदर्शक आणि झाकण घट्ट. फुग्यात थोडीच हवा. 'केळं की चिकू?' असं दोन्ही हातांत धरून विचारायचं. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द गाळून त्याच्याकडे बघायचं.

पण इथे एक सापळा आहे. 'बोललास तरच देईन' करू नका. त्याने बोट दाखवलं, हात धरून नेलं, आवाज काढला, तेही सांगणंच आहे. एकदा मी पाण्यासाठी असं अडवून धरलं. तो तासभर रडला आणि दोन दिवस पाणी मागेनासा झाला.

सासूबाईंना थेरपिस्टने मुद्दाम एकदा बोलावून घेतलं. मटार सोलताना त्या आपसूक बोलत असतात: "हा उघडला, हे बघ दाणे, एक तुला, एक मला." थेरपिस्ट म्हणाल्या, "आजी, हेच करायचं. रोज." त्यानंतर घरात पेरूचा विषय निघाला नाही.

स्क्रीनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं म्हणणं असं: दोन वर्षांच्या आत नको, त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. आम्हाला बंद करायला तीन आठवडे लागले आणि पहिले चार दिवस भयानक होते. जेवताना बंद करणं सगळ्यात कठीण, म्हणून सुरुवात जेवणापासून करू नका.

८. हे विकत घेऊ नका

शिट्टी फुंकायला लावणं, पिपाणी, गालांना मालीश, जिभेला ब्रश. 'तोंडाचे स्नायू बळकट' करायचे म्हणून हे सर्रास चालतं. फुंकणं आणि बोलणं यांत तोंड वेगवेगळ्या पद्धतीने काम करतं. खेळ म्हणून शिट्टी वाजवा, पण अर्धं सत्र त्यात जात असेल तर विचारा की यातून शब्द कसे येणार.

जिभेखालची पातळ पट्टी कापून घेण्याचा सल्लाही मिळेल. जीभ खाली चिकटलेली असेल तर काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण मूल बोलतच नाही याचं ते कारण नसतं. थेरपिस्टने पाहिल्याशिवाय कापाकापी नको.

'तीन महिन्यांत बोलायला लावू' अशी हमी आणि वर्षभराचं पॅकेज आगाऊ, हे दोन्ही एकत्र दिसले तर उठा. आम्ही सत्रागणिक पैसे देत होतो, ४० मिनिटांचे ७०० रुपये, आठवड्यातून दोनदा. तुमच्या गावात आकडा वेगळा असेल.

चित्रांची कार्डं किंवा ॲप वापरल्याने मूल आळशी होईल, ही भीती मात्र सोडा. चित्र दाखवून सांगता आलं की बोलणं अडत नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मराठीतही आहे.

९. कागद आणि सवलती

नुसतं उशिरा बोलणाऱ्या मुलाला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. 'यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून देतो' म्हणून मागे लागणाऱ्या एजंटाला उभं करू नका. निदान पक्कं असेल तर अर्ज सरकारी पोर्टलवर आपणच करायचा आणि तपासणी रुग्णालयात होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची, आणि थेरपीचा खर्चही काही प्रमाणात त्यात येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पावत्या घ्या, तारखेसकट, सही-शिक्क्यासकट.

१०. थेरपी कमी होते तेव्हा

एकदम थांबवत नाहीत. आमचं आठवड्यातून दोनदाचं एकदा झालं, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. दर तीन महिन्यांनी उद्दिष्टं लिहून मागा: 'बोलणं सुधारणे' असं नव्हे, 'तीन शब्दांचं वाक्य मागण्यासाठी वापरणे' असं. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर थेरपिस्टनेच योजना बदलायला हवी. विचारलं की राग येत असेल, तर तेही उत्तरच.

बालवाडीत घालताना बाईंना एक पानाची चिठ्ठी द्या: काय समजतं, कसं मागतो, गर्दीत कान झाकतो का, पुढच्या रांगेत बसवा. वर्गात उभं करून 'नाव सांग' करू नका, हेही लिहा.

आमचं आता 'र'चं काम बाकी आहे. थेरपिस्ट म्हणाल्या की हा आवाज बऱ्याच मुलांना उशिरा येतो, घाई नाही, पुढची भेट जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर. तोवर आमच्या घरी सगळे लिक्षानेच फिरतात.